आत्याबाईंचा बटणाचा फोन

आमच्या घरातून आजवर दोनच गोष्टी जर्मनीला गेल्या. एक माझी सासू आणि दुसरा तिचा फोन. त्यातली सासू पहिल्या झटक्यात गेली.

पोळा झाला आणि आत्याबाई निघाल्या. (सासूबाईंना आमच्याकडं आत्याबाईच म्हणतात.) धाकटे दीर विकास भावजी तिकडं नोकरीला, त्यांना मुलगा झाला, म्हणून नातवाचं तोंड बघायला आईला बोलावून घेतलं. दिवाळीला परत यायच्या होत्या. सगळा जन्म भूममध्ये आमच्या खव्याच्या भट्टीवर गेलेला, लांबात लांबचा प्रवास म्हणजे येरमाळ्याची जत्रा. तरी ही बाई नऊवारीचा काष्टा आवळून विमानात बसली, शेजारच्या गोऱ्या माणसाला पेढा दिला, त्यानं तो खाल्ला की नाही ते वळून बघितलं आणि वेळेवर उतरली. एका शब्दानं कुणी अडवलं नाही.

घोळ झाला तो फोनचा. आत्याबाईंचा एक जुना बटणाचा फोन होता. मागचं झाकण रबरानं बांधलेलं, आकडे झिजून गेलेले. पण त्यात दोनचं बटण दाबून धरलं की थेट सोनारीला त्यांच्या धाकट्या बहिणीला, सखूमावशीला लागायचा. रोज दुपारी भट्टी थंड झाली की आत्याबाई ओसरीच्या कडेला बसून दोन दाबायच्या आणि मग तासभर हळू आवाजात जे काही चालायचं ते आम्ही कुणी ऐकायचं नाही, असा घरातला अलिखित कायदा होता. (मी दोनदा प्रयत्न केला. ऐकू येत नाही.)

भावजी म्हणाले, "आई, ते डबडं आणू नको, तुला इथं नवीन घेऊन ठेवलाय." आता तो नवीन म्हणजे नुसती काच! आणि आत्याबाईंची बोटं म्हणजे जन्मभर उकळत्या कढईत उलथनं फिरवलेली बोटं. राठ झालेली. त्या काचेला ती बोटं कळायचीच नाहीत. आत्याबाई दाबतायत, काच ढिम्म. शेवटी फोन लावायचा म्हणजे मुलाला नाहीतर सुनेला हाक मारायची, ते लावून देणार, वर स्पीकर चालू करून शेजारी बसणार, आणि बाळालाही मांडीवर घेऊन बसणार.

मग आम्हाला व्हिडिओवर दिसायचं आत्याबाईंचं अर्धं कपाळ, आणि ऐकू यायचं फक्त, "बरं हाय."

"जेवलात का आत्याबाई?"

"बरं हाय."

"थंडी लई हाय का तिकडं?"

"बरं हाय सगळं."

अहो, ही बाई साध्या जिऱ्याच्या भावावर अर्धा तास बोलणारी! मला तिथंच कळलं. माझी धाकटी जाऊ मेघा पुण्याची, शिकलेली, मोजून चपात्या करणारी. तिच्यासमोर सासू मोकळं काय बोलणार? नक्की पोरीनं म्हातारीला धाकात ठेवलं असणार. (हे मी आमच्या ह्यांना सांगितलं तेव्हा माझ्या तोंडावर दुःख होतं, असं माझं म्हणणं आहे. आमचे हे म्हणतात, तू हसत होतीस.)

मग एक दिवस मेघाचाच फोन आला. "ताई, आई नीट जेवत नाहीयेत हो. डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणतात काही झालेलं नाही. नुसत्या खिडकीत बसून असतात. विकास लवकरचं तिकीट बघतोय." ती रडवेली झाली होती. नातू हवा, नातू हवा म्हणून नवस बोललेली बाई, आणि आता नातू मांडीवर असताना परत यायला निघाली! तेवढ्यात बाळ रडायला लागलं, मेघा फोन तसाच ठेवून उठली आणि त्या काचेत पहिल्यांदा आत्याबाईंचं अख्खं तोंड आलं. सुकलेलं. इकडंतिकडं बघत त्या पुटपुटल्या, "थोरले, माझं डबडं धाड गं."

एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याकडं कधी काही असं मागितलं नव्हतं. त्या मागत नाहीत, हुकूम सोडतात. मी म्हटलं, "आत्याबाई, आजच धाडते."

आजच! केवढा तो आत्मविश्वास!

गावातल्या कुरिअरच्या दुकानात मी पिशवी ठेवली आणि ऐटीत म्हटलं, "जर्मनीला."

"आत काय हाय?"

"फोन. वापरलेला."

"बॅटरी हाय का त्यात?"

"बॅटरी नसंल तर तो फोन कशाचा, भाऊ? आरसा हाय का तो?"

त्यानं पिशवी दोन बोटांनी माझ्याकडं सरकवली. "लिथियमची बॅटरी हाय, वैनी. विमानात पेट घेती. आमी घेत न्हाय."

"आन् आमच्या आत्याबाई गेल्या तवा सगळं विमान फोन हातात धरून बसलं हुतं, ते?"

"माणसाच्या हातात चालतंय. पार्सलात न्हाय चालत."

"मग माणसाला बोलवून घेते परत आन् हातात देते!" असं म्हणून मी बाहेर पडले. रस्त्यात लक्षात आलं की हे मी रागात बोलले असले तरी विकास भावजी तेच करायच्या बेतात आहेत.

घरी आल्यावर आमच्या ह्यांनी सगळं ऐकून घेतलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "तू सांगितलंस कशाला? न सांगता पाठवायचं." आमचे हे खवा उत्तम करतात. तेवढ्यावर थांबायला हवं. पण त्यांना मधूनच डोकं चालवायची हुक्की येते. बेत असा ठरला की स्टीलच्या डब्यात शेंगदाण्याची चटणी भरायची, तिच्या पोटात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फोन बसवायचा, वरून पुन्हा चटणी दाबायची. भूममधला कुरिअरवाला आता आम्हाला ओळखून, म्हणून बार्शीला जायचं. मला मनातून पटत नव्हतं. पण आत्याबाईंचं ते तोंड डोळ्यांपुढं होतं, आणि चटणी मी फार चांगली करते.

एक शहाणपणा मात्र माझा स्वतःचा. डबा उघडल्या उघडल्या आत्याबाईंना बोलता यावं, म्हणून मी फोन भरपूर चार्ज केला आणि चालू ठेवला. आतलं कार्डही काढलं नाही. ते काढायचं असतं, हे मला कोण सांगणार?

बार्शीच्या काउंटरवर डबा काट्यावर ठेवला. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "काय आहे?"

"चटणी," आमचे हे म्हणाले. इतक्या घाईनं म्हणाले की नुसतं त्यावरूनच पोलिसांनी पकडावं.

"बाकी काही?"

"नुस्ती चटणी!"

आणि चटणी वाजायला लागली.

आत्याबाईंच्या फोनची रिंग म्हणजे भट्टीवर, गॅसच्या आवाजात, दोन खोल्या पलीकडं ऐकू जावी अशी ठेवलेली. सनई-चौघडाच! स्टीलच्या डब्यामुळं ती आणखी घुमली. अख्खं दुकान वळून बघायला लागलं. काट्यावरचा आकडा थरथरायला लागला. आमचे हे छताकडं बघू लागले. मी डब्यावर पदर टाकला, जणू पदरानं आवाज झाकतो! आणि एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक. पण तो फोन बोलका आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तो कुणाचा नंबर आला ते मोठ्यानं वाचून दाखवतो. डब्यातून एक बाई शुद्ध हिंदीत एकेक आकडा सांगायला लागली.

काउंटरवरचा माणूस खाली वाकून अगदी शांतपणे म्हणाला, "तुमच्या चटणीला कुणाचा तरी फोन आलाय."

आता लपवणार काय? मी तिथंच डबा उघडला, कोपरापर्यंत चटणीत हात घातला आणि फोन काढून कानाला लावला. पलीकडं सखूमावशी! (फोन धाडतोय, हे मीच तिला सांगून ठेवलं होतं.) "आक्का, पोचला का गं फोन?"

"मावशी, म्या बोलतीय! फोन आजून बार्शीत हाय! तुम्ही कशाला लावला?"

"अगं, पोचला का न्हाय ते कळायला नको? लावल्याबिगर कळंल कसं?"

मी फोन बंद केला. माझ्या कानाला तेल, लसूण आणि तिखट लागलेलं होतं, ते दोन दिवस झोंबलं.

तो माणूस आधी पोटभर हसला आणि मग मात्र चिडला. "ताई, हे असं लपवून पाठवतात होय? वर विमानात खरंच धूर झाला तर? आत माणसं असतात." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सगळं खरं सांगितलं. सासू, काच, राठ बोटं, न जेवणं, सगळं. आमचे हे सारखे कोपरानं ढोसत होते, पण एकदा सुरू झाल्यावर मी थांबत नाही. शेवटी त्याचा आवाज उतरला. म्हणाला, "सांगून पाठवा की मग. बॅटरीच्या वस्तू नेणारी माणसं पुण्यात आहेत. फोन बंद पाहिजे, बॅटरी फोनमध्येच बसवलेली पाहिजे आणि फुगलेली नको. आत काय आहे ते खरं लिहायचं. पैसे जास्त लागतील, पण जाईल." चटणी त्यानं ठेवून घेतली. आम्हीही परत मागितली नाही.

बॅटरी फुगलेली आहे का ते बघायला स्टँडाजवळच्या मोबाईलवाल्याकडं गेलो. त्यानं बॅटरी काढून काचेवर ठेवली आणि बोटानं फिरवली. सपाट असेल तर जागेवर थांबते, फुगली असेल तर फिरते. आत्याबाईंची बॅटरी भोवऱ्यासारखी गरगरली. "लई फुगलीय," तो म्हणाला. आमचे हे म्हणाले, "फुगलेलं कोण न्हाय आमच्या घरात!" आणि माझ्याकडं बघितलं. त्या दिवशी त्यांना रात्रीचं जेवण गार मिळालं. तरी रबर का बांधावं लागत होतं, ते एकदाचं कळलं. नवी बॅटरी बसवली, झाकण रबराशिवाय बसलं, फोन बंद केला, कार्ड काढलं. आता कुणी नावं ठेवायला जागा नव्हती.

खोकं बंद करायच्या वेळी माझा हात थांबला. आत नुसता फोन! आता मेघा कशीही असली तरी घरची सवाष्ण सून, पहिलटकरीण, त्यात परमुलखात. तिच्या घरी खोकं जाणार आणि त्यात ओटी नाही? असं आमच्यात होत नाही. आणि आत्याबाईंनी खोकं उघडून पहिलं काय बघितलं असतं? फोन नव्हे, ओटी! म्हणून मी एक खण घातला, हळकुंड, सुपारी घातली. नारळ फुटून पाणी सांडेल, फोन भिजेल, एवढा पुढचा विचार करून त्याऐवजी सुक्या खोबऱ्याची चांगली जाडजूड वाटी घातली. माझ्या हुशारीचं मलाच कौतुक वाटलं. फोन त्या वाटीत असा चपखल बसला की जणू त्याच्यासाठीच केलेली. पुण्याला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर खोकं पाठवलं. कागदावर 'फोन, बॅटरीसहित' असं खरं खरं लिहिलं. ओटी लिहिली नाही. ओटी कुणी लिहितं का?

तिकडं आत्याबाईंनी आता 'बरं हाय'सुद्धा म्हणायचं सोडलं होतं. नुसती मान हलवायच्या. मेघानं एकदा विचारलं, "ताई, निघाला ना फोन?" मी म्हटलं, "निघाला म्हण. पोचल्यातच जमा." आणि दोन दिवसांनी पुण्याहून फोन आला.

"मॅडम, तुमचं पार्सल थांबवलंय."

"आता काय झालं? बॅटरी नवी हाय हो! फोन बंद हाय! सगळं खरं लिवलंय!"

"बॅटरीचं काही नाही मॅडम, बॅटरी पास झाली. खोबरं सापडलंय."

"काय?"

"सुकं खोबरं. विमानात चालत नाही. त्यात तेल असतं, ते तापतं आणि पेट घेतं. धोकादायक मालात येतं ते. आणि तुम्ही धोकादायक वस्तूच्या आत धोकादायक वस्तू ठेवलीय. आम्ही असं पहिल्यांदाच बघतोय."

"अहो, धोकादायक कशाचं? आमच्या घरी डब्यात वर्षभर असतंय! आजपतूर कधी भडका उडाला न्हाय!"

"विमानात उडू शकतो मॅडम."

खोकं परत आलं. जे लिथियम म्हणजे काय ते मला उच्चारताही येत नव्हतं, ते पास झालं होतं, आणि ज्याची मी लग्न झाल्यापासून रोज चटणी करतेय, ते नापास! आमचे हे एवढे हसले, एवढे हसले की भट्टीवरचा खवा खाली लागला. शेजारपाजारच्या बाया येऊन खोबऱ्याची वाटी हातात घेऊन उलटीसुलटी करून बघून गेल्या. एकीनं तर विचारलं, "मग आमी हे चुलीपाशी ठिवतो, ते ठिवावं का न्हाय?" मला हसूही येईना. भावजींना लवकरचं तिकीट मिळालं नव्हतं, पण दिवाळी जवळ येत चालली होती. आमचे हे म्हणाले, "आता आई हिकडं यायला आन् फोन तिकडं पोचायला एकच गाठ पडंल बघ." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. खरंच रडले. एक डबडं मागितलं होतं म्हातारीनं, आणि मला ते धाडता येईना.

चौथ्या वेळी खोक्यात फोन, खण आणि हळकुंड. खाण्यापिण्याचं काही नाही. सुपारीसुद्धा काढून टाकली, न जाणो ती फुटली तर! सगळं लिहून दिलं. ओटीला खोबरं नाही म्हणून खोक्याला हात जोडले, आणि ते गेलं. जर्मनीच्या कस्टमवाल्यांनी हळकुंड हुंगून बघितलं असणार, पण सोडलं बिचाऱ्यांनी. मेघाचा निरोप आला, "ताई, पोचला! विकासनी इथलं कार्ड घातलं, सोनारीचा नंबर दोनवर लावून दिला. आई फोन घेऊन बाल्कनीत गेल्यात आणि बाहेरून दार ओढून घेतलंय!"

त्या दिवशी भूमचा बाजार होता आणि बाजार करून सखूमावशी आमच्याकडंच चहाला आलेली. तिच्या पिशवीतला फोन वाजला. मावशीला कमी ऐकू येतं, म्हणून ती कायम स्पीकरवरच बोलते.

"सखू! म्या बोलतीय, माझ्या फोनवरनं! हितं कुणी न्हाय आसपास. तू एकलीच हायस का?"

मावशीनं माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावून 'व्हय म्हणा' अशी खूण केली. (असं करू नये, मला माहीत आहे.)

"व्हय, एकलीच," मावशी बशीत चहा ओतत म्हणाली.

मी पाट जवळ ओढला. आता मेघाचा पाढा वाचला जाणार! एवढी दगदग केली, बार्शीत अब्रू घालवली, त्याचं चीज होणार होतं.

"धाकटी बरी वागती का गं?" मावशीनं विचारलं.

"मेघा व्हय? लई गुणाची पोर. म्या काय बी म्हणू दे, 'हो आई' म्हणती. भाजीत मीठ कमी हाय म्हटलं तर माफी मागती आन् वरनं मीठ घालती. आता सांग, पुढं बोलावं तरी काय माणसानं?"

"मग जेवत का न्हाईस तू?"

"थोरलीचं सांगायचं हुतं गं. लई दिसांचं पोटात साठलंय." थोरली म्हणजे मीच की! मी पाट आणखी जवळ ओढला. "तिला मिठाचं म्हटलं असतं, तर काय म्हणली असती? 'मीठ बराबर हाय, तुमच्या जिभंला चव न्हाय ऱ्हायली!' मग म्या सोडलं असतं का तिला? दुपार कवा सरली ते कळलं नसतं. हितं दुपार सरतच न्हाय, सखू. सगळे गोड बोलत्यात. माझ्यासंगं भांडायला कुणी न्हाय गं हितं." आवाज ओला झाला. मग एकदम चढला. "आन् तिनं ओटी धाडली, बघ म्हणावं! नुसतं हळकुंड! घरात डबा भरून खोबरं असताना एक वाटी घालवंना तिला?"

बस! माझा तोल सुटला. मी फोनवर तोंड घालून ओरडले, "अहो, ते विमानात पेट घेतंय!"

"कोण गं? थोरली हाय व्हय तिथं?"

"हाय!"

"चोरून ऐकतीस?"

"तुम्ही दार लावून बोलताय, म्या दार उघडं ठिवून ऐकतीय!"

"खोबरं पेट घेतंय म्हणं! माझा जल्म गेला खोबरं किसण्यात, मला शिकिवती!"

मग जे आमचं जुंपलं! खोबऱ्यावरून मिठावर, मिठावरून खाली लागलेल्या खव्यावर ("म्या नसताना भट्टी जाळली का?"), खव्यावरून माझ्या माहेरावर. आत्याबाईंचा आवाज खणखणीत, पहिल्यासारखा. बाल्कनीखालून जाणारी जर्मन माणसं थांबली असतील. शेवटी दोघींनाही धाप लागली. "उद्या ह्याच टायमाला लावीन. घरात ऱ्हा," असा हुकूम सोडून त्यांनी फोन बंद केला. माझे डोळे भरून आले. मावशी म्हणाली, "लई लागलं का गं तुला?" मी म्हटलं, "न्हाय मावशी. लई बरं वाटलं."

संध्याकाळी मेघाचा निरोप आला. "ताई, आज आई पोटभर जेवल्या! दोनदा भात घेतला, बाळाला अंघोळ घातली, तिकीट रद्द कर म्हणाल्या, दिवाळी इथंच करायची म्हणाल्या. तुम्ही त्यांच्याशी काय बोलता हो? प्लीज मलाही शिकवा ना!"

तिला मी अजून उत्तर दिलेलं नाही. मला येऊन येऊन एवढी एकच विद्या येते. ती पण धाकटीला शिकवून बसले, तर आत्याबाई परत कशाला येतील माझ्याकडं?